डोन्या पाझ: यादीत १४९३ प्रवासी आणि मेले ४३८६, हा हिशोब लागतो कसा?

डिसेंबर आला की कुठून ना कुठून एक पोस्ट फिरत येते, की टायटॅनिकचं काय घेऊन बसलात, शांततेच्या काळातला जगातला सगळ्यात मोठा जहाज अपघात फिलिपिन्समध्ये झालाय आणि कोणाला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. पोस्ट खरी आहे. टायटॅनिकवर साधारण दीड हजार माणसं गेली, १९८७ मध्ये बुडालेल्या डोन्या पाझ या प्रवासी जहाजाच्या अपघातात त्याच्या जवळजवळ तिप्पट. पण गोंधळ असा की एका ठिकाणी मेलेल्यांचा आकडा १५०० च्या आसपास दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ३१०० च्या वर आणि तिसऱ्या ठिकाणी ४३८६, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी फेकतंय.

कोणी फेकत नाहीये. तिन्ही आकडे कुठल्या ना कुठल्या कागदावर आहेत. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेटवेवरून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नेव्हीची स्पीडबोट धडकली तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला होता ना, लायसन्स किती जणांचं आणि बसले होते किती. लायसन्स ८४ प्रवाशांचं होतं आणि बोटीवर माणसं शंभराच्या वर. डोन्या पाझची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात याच प्रश्नापासून करायची.

आधी जहाजाची कुंडली बघू

हे जहाज १९६३ साली जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीला बांधलं. तेव्हा नाव होतं हिमेयुरी मारू. लांबी ९३ मीटर, रुंदी साडेतेरा मीटरच्या जरा वर आणि जपानमध्ये प्रवासी क्षमता ६०८. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बारा वर्षं तिकडे चालल्यावर १९७५ मध्ये फिलिपिन्सच्या सुल्पिसिओ लाइन्सने ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं डॉन सुल्पिसिओ. यात जगावेगळं काही नव्हतं, जपानमध्ये जुन्या झालेल्या फेरीबोटी घ्यायच्या, रंगरंगोटी करायची, आत बदल करायचे आणि बेटाबेटांत चालवायच्या हा तिथला नेहमीचाच धंदा. फिलिपिन्समध्ये सात हजारांवर बेटं आहेत, विमानाचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे आपल्याकडे जे काम एसटी करते ते तिकडे फेरी करते, आणि नव्या जहाजाचे पैसे वसूल व्हायचे तर तिकीट महाग करावं लागणार, म्हणून मग सेकंडहँड.

५ जून १९७९ ला मनिलाहून सेबूला जाताना या जहाजाला आग लागली. नशीब, त्या वेळी वरची सगळी हजारावर माणसं वाचली. जहाज मात्र इतकं जळलं होतं की विम्याच्या भाषेत टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला लागणारा पैसा जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त. गाडीच्या इन्शुरन्समुळे हा शब्द आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. तरी कंपनीने ते परत घेतलं, दुरुस्त केलं आणि नवीन नाव दिलं, डोन्या पाझ. पुढे ते मनिला, टाक्लोबान आणि काटबालोगान या मार्गावर आठवड्यातून दोन फेऱ्या मारायला लागलं.

आता कागदावरची क्षमता झाली १५१८. जहाज तेच, लांबी तीच, रुंदी तीच, आणि एकदा जळून झालेलं.

६०८ चे १५१८ झाले कसे काय? असं करता येतं?

येतं. प्रवासी क्षमता हा आकडा जहाजासोबत जन्माला येत नाही, तो तिथलं सरकार ठरवतं. त्यात बघायच्या गोष्टी बऱ्याच असतात, माणसं झोपणार बसणार कुठे, जिने किती, दारं किती, लाइफबोट आणि लाइफ जॅकेट किती, आणि एवढी माणसं एका बाजूला धावली तर जहाज किती कलेल. केबिन काढून उघड्या डेकवर रांगेने दुमजली खाटा टाकल्या की झोपायच्या जागा दुप्पट होतात, त्यामुळे आकडा वाढवणं अवघड नसतं. जिने आणि दारं मात्र खाटांसारखी वाढत नाहीत.

म्हणून मला १५१८ हा आकडासुद्धा फार पवित्र वाटत नाही. बातम्यांमध्ये नेहमी तुलना होते ती "परवानगी १५१८ ची आणि भरले ४०००" अशी, आणि जपानचे ६०८ कोणाला आठवत नाहीत.

त्या रात्री नक्की झालं काय

२० डिसेंबर १९८७, रविवार. सकाळी साडेसहाला जहाज लेयटे बेटावरच्या टाक्लोबानहून निघालं, वाटेत सामारमधलं काटबालोगान घ्यायचं आणि मनिलाला पोचायचं. ख्रिसमसला पाच दिवस राहिलेले. फिलिपिन्समध्ये ख्रिसमस म्हणजे आपली दिवाळी आणि गणपती एकत्र केल्यासारखं प्रकरण, १६ डिसेंबरपासून पहाटेच्या प्रार्थना सुरू होतात आणि अख्खा देश प्रवासात असतो. वाचलेल्या लोकांनी नंतर सांगितलं की एकेका खाटेवर तीन तीन चार चार माणसं होती, बोळांत झोपलेली, वरच्या उघड्या डेकवर झोपलेली.

रात्री साडेदहाच्या सुमारास, मारिंदुके आणि मिंदोरो या बेटांच्या मधल्या पाण्यात दुमाली पॉइंटजवळ, व्हेक्टर नावाच्या टँकरशी टक्कर झाली. हा टँकर आदल्या रात्री आठच्या सुमारास बाताआनहून मास्बातेला निघाला होता आणि त्यात कालटेक्स कंपनीचं ८८०० बॅरल पेट्रोल वगैरे होतं. तेलाचं एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर, म्हणजे सगळं मिळून जवळजवळ १४ लाख लिटर. टँकर पेटला, आग लगेच डोन्या पाझवर आली, काही मिनिटांत जहाजावरचे दिवे गेले. दोनेक तासांत डोन्या पाझ बुडालं, टँकर आणखी थोडा वेळ तरंगला आणि तोही गेला.

एकूण २६ जण वाचले, डोन्या पाझवरचे २४ आणि टँकरवरच्या १३ पैकी २. डोन्या पाझच्या खलाशांपैकी एकही नाही. वाचलेल्यांना बाहेर काढलं ते तिथून चाललेल्या डॉन क्लाउडिओ नावाच्या दुसऱ्या जहाजाने. सरकारी यंत्रणेला अपघाताचा पत्ताच आठ तासांनी लागला आणि शोधकार्य उभं राहायला आणखी आठ तास गेले, म्हणजे बघा, दुसऱ्या दिवशीची दुपार.

मग मॅनिफेस्ट म्हणजे काय आणि तो चुकला कसा

मॅनिफेस्ट म्हणजे जहाजावर कोण कोण आहे त्याची अधिकृत नावांची यादी. निघण्याआधी ती बनते, तिच्यावरून कोस्ट गार्ड जहाजाला सोडायची परवानगी देतं, आणि काही झालं तर शोधायचं कोणाला हे त्यावरून ठरतं. डोन्या पाझला टाक्लोबान सोडताना जी परवानगी मिळाली तिच्यावर प्रवासी होते १४९३. बघा, १५१८ च्या आत. कागद एकदम व्यवस्थित.

अडचण अशी की यादी बनायची तिकीट खिडकीवर आणि माणसं चढायची धक्क्यावरून, आणि या दोघांचा ताळा घेणारं कोणी नव्हतं. लग्नात पत्रिका किती वाटल्या ते विचारून पंगतीत किती पानं उठली ते कळत नाही, ते पानं मोजूनच कळतं, आणि इथे पानं कोणी मोजलीच नव्हती.

यादीबाहेरची माणसं आली कुठून? एक तर जहाजावर चढल्यावर स्वस्तात मिळणारी तिकिटं, जी बेकायदा होती आणि ज्यांची नोंद कुठेच जायची नाही. दुसरे फुकट पासवाले. आणि तिसरी म्हणजे चार वर्षांखालची पोरं, त्यांना तिकीटच नाही म्हणून यादीत नावच नाही. ख्रिसमसच्या आठवड्यात घरी जाणाऱ्या जहाजावर लहान पोरं किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

किती फरक होता ते एका गोष्टीवरून कळतं. जिवंत सापडलेल्या २४ प्रवाशांपैकी यादीत नाव होतं फक्त ५ जणांचं. आणि ज्या २१ मृतदेहांची ओळख पटली त्यातलं यादीत होतं एकच. एकवीसमध्ये एक! हे कळल्यावर १४९३ या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार.

४३८६ हा आकडा तरी खरा कशावरून?

ही शंका रास्त आहे, कारण प्रेतं काही चार हजार सापडलेली नाहीत. बहुतेक माणसं जहाजासोबत गेली, तिथे समुद्र पाचशे मीटरच्या वर खोल आहे.

म्हणून मोजणी उलट्या बाजूने करावी लागली, कोण चढलं त्याऐवजी कोण घरी पोचलं नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने नातेवाइकांच्या मुलाखती घेऊन मृतांचा आकडा काढला ३१०० च्या वर. मग वर्षानुवर्षं कोर्टात दावे येत राहिले. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गटाने कोर्टाची कागदपत्रं आणि नुकसानभरपाईचे ४१०० च्या वर दावे बघून सांगितलं की जहाजावर अंदाजे ४३४१ प्रवासी होते. त्यातून वाचलेले २४ वजा करा, राहिले ४३१७. त्यात डोन्या पाझचे ५८ खलाशी आणि टँकरवरचे ११ मिळवा, झाले ४३८६.

आता तुम्ही म्हणाल की भरपाईसाठी खोटे दावेही आले असतील. आले असतीलही काही. पण उलट बाजूही धरा ना, जिथे अख्खं कुटुंबच गेलं तिथे दावा करायला मागे राहिलं कोण? त्यामुळे हा आकडा शेवटच्या माणसापर्यंत बरोबर आहे असं कोणीच म्हणत नाही, पण चार हजारांच्या वर हे आता सगळीकडे धरलं जातं. आणि ज्या देशात बारा वर्षं मेलेली माणसं मोजण्यात गेली तिथे दोष गणिताचा नाही एवढं तरी नक्की.

जास्त माणसं भरली म्हणून बुडालं का?

नाही, आणि इथे बऱ्याच लेखांत घोटाळा असतो. जास्त गर्दीमुळे जहाज कलून बुडतं हे खरं आहे, तसे अपघात जगभर झालेत. इथे मात्र जहाज टकरीने आणि आगीने गेलं, त्यावर हजार माणसं असती तरी टक्कर झालीच असती.

गर्दीने माणसं मारली ती टक्कर झाल्यानंतर. ९३ मीटर गुणिले साडेतेरा मीटर म्हणजे एका मजल्याची जागा जास्तीत जास्त साडेबाराशे चौरस मीटर, तेही इंजिन, स्वयंपाकघर, सामान काहीच वजा न करता. तीन मजले धरले तरी चार हजार माणसं म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एकापेक्षा जास्त, आणि ती सगळी झोपलेली. रात्री साडेदहाला धक्का बसला, दिवे गेले, धूर भरला, बोळात माणसं झोपलेली आणि जिने तेवढेच. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार लाइफ जॅकेटं कुलूपबंद होती, आणि खलाशीही इतर लोकांसारखेच सैरावैरा पळत होते, कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. खलाशांवर राग येतो हे वाचून, पण चार हजार माणसांना अंधारात रांगेत लावणं साठ माणसांना जमण्यातलं होतं का हाही प्रश्न आहेच.

समुद्रात उडी मारली तर आग लागत नाही ना?

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यावर पसरतं. शिवाय पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि ती साध्या तापमानालाच काय, बर्फाच्या थंडीतसुद्धा तयार होत राहते. टँकर फाटला की तेल लाटांबरोबर आजूबाजूला पसरणार आणि त्याच्यावर आग पसरत जाणार. म्हणजे जहाजावर थांबलं तर जळायचं आणि उडी मारली तर जळत्या पाण्यात पडायचं. जे वाचले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगावर भाजल्याच्या जखमा होत्या, त्या या पाण्यामुळेच. त्यातले काही जण पाण्याखालून पोहत, श्वास घ्यायला वर येताना भाजत भाजत बाहेर निघालेले.

लाइफ जॅकेट इथे उपयोगी पडलं असतं का हेही तितकं सरळ नाही, कारण जॅकेट घातल्यावर बुडी मारता येत नाही. पण आगीच्या पट्ट्याबाहेर पोचल्यावर तास न् तास तरंगायला ते लागलंच असतं.

एवढ्या मोकळ्या समुद्रात दोन जहाजं धडकतातच कशी?

वादळ नव्हतं. आकाश स्वच्छ होतं, समुद्र थोडा खवळलेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की समुद्र केवढा, पण जहाजं ठरावीक वाटांनीच जातात, आणि बेटांच्या मधल्या पट्ट्यांत तर जास्तच.

समुद्रावर रस्त्यासारखेच नियम असतात, १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, आडव्या वाटेने आलात तर दुसरं जहाज ज्याच्या उजव्या हाताला दिसतंय त्याने बाजूला व्हायचं. पण या सगळ्याच्या आधी एक नियम आहे, की कोणीतरी कायम डोळे आणि कान उघडे ठेवून पहाऱ्यावर असलं पाहिजे, त्याला म्हणतात लुकआउट. चौकशीत निघालं की व्हेक्टरवर लुकआउट नव्हता, जहाजाचं लायसन्स नव्हतं आणि ते चालवायला पात्र कॅप्टन नव्हता. टँकरवरचे जे दोघे वाचले ते म्हणाले आम्ही तर झोपलो होतो.

आणि डोन्या पाझ? वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं की सुकाणूवर एक शिकाऊ अधिकारी होता आणि बाकीचे टीव्ही बघत किंवा बिअर पीत होते. हे आरोप आहेत, सांगायला त्या जहाजावरचा एकही खलाशी उरला नाही. मला एवढंच वाटतं की एकाचा लुकआउट नव्हता हे टक्कर व्हायला अर्धंच कारण झालं, कारण येणारा टँकर बघायला दुसऱ्या जहाजावरही डोळे होतेच की. पण मार्च १९८८ मध्ये तिथल्या सागरी चौकशी मंडळाने दोष टँकरचा ठरवला आणि सुल्पिसिओ लाइन्स त्यातून सुटली.

मग पैसे कोणी द्यायचे?

अपघातानंतर तीन दिवसांत सुल्पिसिओने सांगितलं की जहाजाचा अडीच कोटी पेसोंचा विमा आहे आणि आम्ही प्रत्येक बळीमागे २० हजार पेसो द्यायला तयार आहोत. पण बळी म्हणजे कोण? इथे मॅनिफेस्ट पुन्हा आडवा आला. काही दिवसांनी मनिलाच्या रिझाल पार्कमध्ये शेकडो नातेवाईक जमले, त्यांची मागणी हीच की यादीत नाव नसलेल्यांनाही धरा. जहाज भरताना जी माणसं मोजायची टाळली तीच माणसं आता भरपाईतून आपोआप वगळली जाणार होती.

एका खटल्यातून हे नीट दिसतं. ४७ वर्षांचे एक सरकारी शाळेतले मास्तर आणि त्यांची ११ वर्षांची मुलगी, दोघंही जहाजावर होते आणि दोघांचीही नावं यादीत नव्हती. मास्तरांच्या बायकोने आणि आईने फेब्रुवारी १९८९ मध्ये सुल्पिसिओवर दावा लावला. ते दोघे जहाजावर होते हे आधी कोर्टात सिद्ध करावं लागलं, मग पुढचं.

सुल्पिसिओने टँकरच्या मालकांना आणि कालटेक्सलाही त्यात ओढलं. खालच्या कोर्टाने १९९२ मध्ये म्हटलं भरपाई एकट्या सुल्पिसिओने द्यायची, वरच्याने १९९७ मध्ये म्हटलं टँकर आणि कालटेक्सही जबाबदार. शेवटी ३० सप्टेंबर १९९९ ला सुप्रीम कोर्टाने सोडवलं ते असं: तिकीट घेतलं की प्रवाशाचा करार जहाज कंपनीशी होतो, त्यामुळे कुटुंबाला पैसे सुल्पिसिओने द्यायचे. टक्कर टँकरच्या चुकीने झाली, म्हणून ते पैसे सुल्पिसिओने टँकरवाल्यांकडून वसूल करायचे. आणि कालटेक्स सुटली, कारण तिने फक्त माल पाठवायला टँकर भाड्याने घेतला होता, आणि जहाज समुद्रावर न्यायच्या लायकीचं आहे ना हे बघणं जहाजमालकाचं काम, माल पाठवणाऱ्याचं नाही.

कायद्याने बरोबर असेल हे. माझ्या डोक्याला मात्र अजून पटत नाही, लाखो लिटर पेट्रोल ज्याच्या हवाली करायचं त्याचं लायसन्स बघायला कितीसा वेळ लागतो.

पण एवढं झाल्यावर सुधारणा झालीच असेल ना?

दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९८८ मध्ये, त्याच कंपनीचं डोन्या मॅरिलिन वादळात बुडालं, शेकडो गेले. १९९८ मध्ये प्रिन्सेस ऑफ द ओरिएंट, दीडशेच्या आसपास. जून २००८ मध्ये प्रिन्सेस ऑफ द स्टार्स, डोन्या पाझच्या कितीतरी पट मोठं जहाज, वादळाचा इशारा असताना मनिलाहून निघालं आणि सिबुयान बेटाजवळ उलटलं, आठशेच्या वर माणसं गेली. कंपनीने पुढे नाव बदललं, आणि तिचा प्रवासी वाहतुकीचा परवाना सरकारने कायमचा काढला तो २०१५ मध्ये. मालवाहतूक चालू राहिली.

आंतरराष्ट्रीय नियमांचं काय, असं कोणी विचारेल. सोलास नावाचा मोठा करार आहे आणि त्यात आता स्पष्ट लिहिलंय की प्रवासी जहाज निघायच्या आधी वरचं प्रत्येक माणूस मोजायचं, लांबच्या फेरीला नावं आणि लहान-मोठं वयसुद्धा लिहायचं, तान्हं पोर असलं तरी. पण सोलास लागू होतो एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना. टाक्लोबान ते मनिला हा प्रवास देशातल्या देशात, त्याला तिथलाच कायदा. गेटवे ते एलिफंटालाही तसंच. २०१५ मध्ये मनिलातच देशांतर्गत फेरीच्या सुरक्षेवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा फेऱ्यांसाठी नमुना नियम काढले. नमुना म्हणजे घ्यायचे की नाही, घेतले तर किती घ्यायचे, हे ज्या त्या देशाने ठरवायचं.